पूजलेलं पाणी

नवरा घरी असावा, एवढंच मला हवं होतं. बाकी कुठल्या देवाला मी काही मागितलं नाही. फौजेतल्या माणसाशी लग्न केलेल्या आमच्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. सातारा-सांगलीत जवळजवळ प्रत्येक भावकीत कुणी ना कुणी फौजेत असतो, त्यामुळं बाईनं एकटीनं संसार ओढायचा याचं कुणाला काही वाटत नाही. मला वाटायचं. लय वाटायचं. उमेदीची सगळी वर्षं मी त्यांच्या सुट्टीची वाट बघण्यात घालवली. मुलगी बापाच्या अंगाखांद्यावर रुळायला लागायची तोवर सुट्टी संपलेली असायची. पेन्शन घेऊन ते आले तेव्हा मी त्यांना दारातच बजावलं, "आता कुटं जायचं न्हाई." ते हसून म्हणाले, "भाजी आणायला तरी जाऊ देशील न्हवं?"

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. कारखाना कुठला ते सांगणार नाही. आमच्या भागात धुराड्यांना तोटा नाही, त्यातलं कुठलंही एक धरा. माझं माहेर वडूजच्या बाजूचं, कोरडवाहू. वडील मी लहान असतानाच गेले आणि चुलत्यांनी मला वाढवलं. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. स्वतः शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसानं मला इस्लामपूरला ठेवून केमिस्ट्रीची पदवी घ्यायला लावली. "पोरीला एवढं शिकवून काय करायचंय" म्हणणाऱ्यांना तात्यांनी जे ऐकवलं ते मला अजून पाठ आहे, पण इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं कुंडलच्या बाजूला लग्न झालं, कारखान्यात नोकरी लागली, आणि मुलीला घेऊन मी कारखान्याच्या वसाहतीत राहायला आले.

लोकांना वाटतं साखर कारखान्यात साखरच होते. आता उसाचा चोथा जाळून वीजही होते. त्यासाठी मोठा बॉयलर आणि त्याच्या वाफेवर फिरणारं टर्बाइन असतं. या बॉयलरचे नखरे विचारू नका. आपण ज्याला गोड पाणी म्हणतो ते त्याला चालत नाही. गोड पाण्यात चुना असतो, मीठ असतं, वाळूतून आलेली सिलिका असते. ते नळ्यांच्या आत आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसत जातं. म्हणून पाण्यातलं सगळं काढून घ्यायचं, इतकं की त्याला चव म्हणून राहत नाही. मी एकदा जिभेवर घेऊन बघितलं होतं. तसलं पाणी मला परत प्यायचं नाही.

ते पाणी तयार करणाऱ्या विभागात मी नवऱ्याला चिकटवलं. फौजेत त्यांनी जवानांसाठी पाणी शुद्ध करण्याचंच काम केलेलं, त्यामुळं आमच्या साहेबांनीही फार आढेवेढे घेतले नाहीत. हे साहेब म्हणजे कारखान्याचे मुख्य केमिस्ट, माझेही आणि त्यांचेही वरिष्ठ, माणूस भला पण घाबरट. नेमणूक मात्र ठेक्यावर. हंगाम संपला की परत विचारायचं, घेताय का. कायम झाले की इथून कुणी हलवणार नाही, या एका आशेवर मी होते. एरवी पेन्शनवर आलेल्या माणसाला आमच्याकडं काय काम असतं? पुण्या-मुंबईला नाहीतर गुजरातेत जायचं आणि कुठल्यातरी गेटवर उभं राहायचं. भावकीतले असे कितीतरी गेले. फौजेतून आले आणि चार महिन्यांत परत निघाले.

आधीचा पाण्याचा प्लँट जुन्या पद्धतीचा होता. मोठ्या टाक्यांत राळेचे मणी भरलेले, ते पाण्यातले क्षार धरून ठेवायचे. मणी भरले की त्यांना ॲसिडनं आणि कॉस्टिकनं धुवायचं. ते काम ह्यांच्याकडं. अंगातला एक शर्ट धड राहिला नाही, सगळ्यांना बारीक बारीक भोकं. घरी आले की खोकला. मी म्हणायची, "सीमेवर काय झालं न्हाई ते हितं हुईल तुमाला." म्हणून नवा प्लँट येणार असं कळलं तेव्हा मला लय बरं वाटलं होतं. त्यात ॲसिड नव्हतंच.

त्याला ईडीआय म्हणतात. त्या नावावरून चहाच्या टपरीवर काय काय विनोद झाले ते इथं नको. मुलीनं विचारलं, "पप्पा, ते चालतं कसं?" तर ह्यांनी जेवण थांबवून ताटातच शिकवायला घेतलं. आरओतून आलेल्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. ते विजेचा भार घेऊन फिरत असतात, काही धन, काही ऋण. पातळ पडद्यांच्या मधे राळेचे मणी भरायचे, त्यातून पाणी सोडायचं आणि दोन्ही बाजूंनी वीज लावायची. "मग काय? फॉलीन! धनवाले ऋणाच्या बाजूला, ऋणवाले धनाच्या बाजूला. मधे राहिलं ते निव्वळ पाणी." आणि मण्यांना धुवायलाही वीजच पुरते, ती चालू असेपर्यंत ते आपोआप ताजे होत राहतात. एकच अट, म्हणाले, आत येणाऱ्या पाण्यात चुना नको. जरा जरी आला तरी पडद्यांवर बसतो, आणि मग मशीन आतून मरतं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, तुमची आमटी गार झाली."

तो काळ बरा गेला. ते नव्या प्लँटच्या उभारणीवर, मी लॅबमध्ये. दुपारी डबा एकत्र. कंपनीची माणसं जोडणी करून गेली, जुना प्लँट भंगारात काढला, आणि साहेब मला एकदा हळूच म्हणाले की यंदा तुमच्या मिस्टरांचं कायमचं होऊन जाईल. मी घरी येऊन गोडाचा शिरा केला होता.

मग जलपूजनाचं निघालं.

हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवायची पूजा सगळीकडंच होते. नव्या पाण्याच्या प्लँटचीही व्हायला हवी, असं चेअरमनांच्या मनात आलं. कारखाना सगळ्या गावांचा, तेव्हा त्यात पाणीही सगळ्या गावांचं पडू दे. प्रत्येक गावानं आपल्या विहिरीचं, ओढ्याचं, नदीचं पाणी कलशात आणायचं. खरं सांगू? मलाही ती कल्पना आवडली होती. ऊस देणाऱ्या गावांत कृष्णाकाठची होती तशी माझ्या माहेरासारखी, आत्ता आत्ता पाणी बघितलेलीही होती. ह्यांनी आणि साहेबांनी आधीच ठरवून घेतलं होतं की आरओचं पाणी साठवून मशीनला देणाऱ्या टाकीपुढं एक सजवलेलं घंगाळ ठेवायचं, कलश त्यात रिकामे करायचे, आणि नंतर ते पाणी बाहेर झाडांना घालायचं. टाकीचं झाकण बंद. चेअरमन हो म्हणाले होते.

पूजेच्या दिवशी हलगी वाजत होती, मांडव भरला होता. बायका नऊवारीत, डोक्यावर कलश, त्यावर आंब्याची पानं. आमचे तात्या कलश घेऊन आले नव्हते. ते पितळेची घागर घेऊन आले होते, काठोकाठ. इतक्या लांबून टेम्पोत मांडीवर धरून आणलेली. मला म्हणाले, "दुष्काळी गावचं पानी हाय. लोक म्हनतील, ह्यांच्याकडं घालायला बी न्हाई. म्हून घागर आनली." त्यांच्या धोतरावर पाणी सांडलेलं होतं आणि चेहरा कसा फुललेला होता. पोरीच्या कारखान्यात आपल्या विहिरीचं पाणी, जावई मशीनवर. त्यांच्या दृष्टीनं तो दिवस लग्नाइतकाच मोठा असणार.

पूजा सांगणाऱ्यांनी घंगाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "हे कशाला? देवाला न्हाऊ घालायचं तर बादलीत घालायचं का?" लोक हसले. चेअरमनही हसले, आणि हसता हसता म्हणाले, "उघडा की झाकण. घाला टाकीतच." एका वाक्यात सगळं ठरलेलं पुसलं गेलं. साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. टाकीजवळच्या लोखंडी पायऱ्यांवर माझा नवरा उभा होता, इस्त्रीच्या कपड्यांत. कुणीतरी झाकण उघडलं.

पहिला मान दुष्काळी गावाचा. तात्या घागर घेऊन वर चढले, आणि ह्यांनी त्यांचा हात धरला.

आपल्याकडं जावयानं सासऱ्याचा हात असा धरतात का? चारचौघांत? पण फौजेत वाढलेलं डोकं, धोका दिसला की आधी थांबवायचं, मान नंतर बघायचा. ते हळूच म्हणाले, "तात्या, हितं नगा वतू. ह्या पाण्यात क्षार लय हाईत. मशीन मरंल." ते हळूच म्हणाले खरं, पण पूजेचा माइक शेजारीच चालू होता. ते वाक्य सगळ्या मांडवात घुमलं. हलगी थांबली.

"आमच्या पान्यात काय हाय म्हनला?" तात्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, "गावचं पानी घान हाय म्हनतोय त्यो!" आणि मग काय विचारता. बायका कुजबुजायला लागल्या, आमच्याच पाण्यावर ऊस पिकतो, तो बरा चालतो ह्यांना. दुसऱ्या गावचा एक म्हातारा उठून उभा राहिला आणि कलश खाली ठेवला. चेअरमनांचा चेहरा उतरला. ते एवढंच म्हणाले, "बाजूला व्हा." वरिष्ठाचा हुकूम. ह्यांनी तात्यांचा हात सोडला आणि पायऱ्या उतरून खाली आले.

घागर ओतली गेली. मागून सगळे कलश. मग दूध, नारळाचं पाणी, हळद, कुंकू. टाकी त्यावेळी निम्मीसुद्धा भरलेली नव्हती. मी लांबून बघत होते आणि मला रडू येत होतं. तात्यांच्या उतरलेल्या तोंडाकडं बघून येत होतं का मशीनसाठी, ते सांगता येणार नाही.

तरी अजून सगळं हातात होतं. ती टाकी रिकामी केली असती, धुतली असती, तर काही बिघडलं नसतं. मी बाटलीभर पाणी घेऊन लॅबकडं पळाले. चुन्याच्या चाचणीत पाण्यात एका औषधाचे दोन थेंब टाकतात. चुना नसेल तर ते निळं राहतं, असेल तर लाल होतं. ते असं लालभडक झालं की बघवेना. बाटली तशीच साहेबांपुढं नेली. ते म्हणाले, "दिसतंय मला." मागून हे आले. "साहेब, अर्ध्या तासाचं काम हाय. गटारात नको सोडायला. मागच्या उसाला सोडू. पूजलेलं पाणी पिकाला गेलं तर कुणाचं काय वाईट झालं?" साहेब उठले, चेअरमनांकडं गेले, परत आले. उत्तर असं होतं की बाहेर पंगती बसल्यात, माणसं रांग लावून काचेतून बघताहेत आपलं पाणी मशीनमधे जातंय का, आणि आत्ताच एकदा अपमान झालाय. आता त्याच माणसांच्या डोळ्यांदेखत त्यांचं पूजलेलं पाणी काढून टाकायचं? मुहूर्त टळतोय. बटण दाबा.

बटण दाबलं. टाळ्या वाजल्या. मी कधी विसरणार नाही त्या टाळ्या.

मशीन लगेच बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, कारण काय आणि परिणाम काय हे सगळ्यांना कळलं असतं. ते तसं मरत नाही. काही दिवस बरं चाललं, मग मशीनमधून जाणाऱ्या विजेचा आकडा घसरायला लागला, मग पाणी बिघडायला लागलं.  ऐन हंगामात एक दिवस बॉयलर थांबवावा लागला. जुना प्लँट भंगारात गेलेला, दुसरी सोय नाही. गाळप थांबलं. रस्त्यावर ऊस भरलेल्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागली, ऊस वाळायला लागला, आणि माणसं गेटवर येऊन शिव्या द्यायला लागली. त्यांचंही काय चुकलं? वर्षभर जपलेला ऊस.

कंपनीचे लोक आले, मशीन उघडलं. पडद्यांवर पांढरा थर आणि मधे मधे पिवळट डाग. त्यांच्यातल्या एकानं नखानं थर खरवडला आणि विचारलं, "टाकीत काय घातलं होतं?" तिथं आम्ही किती जण उभे होतो. चेअरमन होते, संचालक होते, साहेब होते. सगळ्यांना ठाऊक होतं. सबंध तालुक्यानं टाळ्या वाजवून ते बघितलेलं, जत्रेसारखं. पण एक माणूस बोलेल तर शपथ. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हणाले, "साऱ्या गावांचं पाणी घातलं होतं." साहेबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी तोंड मिटलं. कंपनीच्या माणसाला माझ्या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

कुणाचं तरी नाव लागायला हवं होतं. गावांचं लावता येत नव्हतं. चेअरमनांचं तर कोण लावणार? मग आतल्या आत असं ठरलं की सभासदांच्या मेळाव्यात माझ्या नवऱ्यानं उभं राहायचं, वडीलधाऱ्यांपुढं हात जोडायचे आणि सांगायचं की पूजेत बोललो ते चुकलं, आणि टाकीचं झाकणही त्या दिवशी माझ्याच हातून उघडं राहिलं होतं, त्यामुळं घाण गेली. बस्स. तेवढं केलं की विषय संपला, आणि त्यांचं कायमचं काम तसंच्या तसं. नाही केलं तर हंगामानंतर ठेका पुढं चालणार नाही. साहेबांनी हे मला एकटीला बोलावून सांगितलं. सांगताना टेबलावरच्या चंचुपात्राशी चाळा करत होते. "तुम्ही समजवा त्यांना," म्हणाले, "शब्दच आहेत शेवटी."

मी समजावलं. का नाही समजावणार? माझा जीव घाबरा झाला होता. मी म्हणाले, "आवं, जोडा की हात! काय झिजणार हाय का तुमचं? फौजेत दिवसाला शंभर सलाम ठोकत हुता." ते म्हणाले, "सलाम खोटा नसतो." मी म्हणाले, "खरं बोलून काय पदरात पडलं? मशीन तर मेलंच."  मी रडून बघितलं, अबोला धरून बघितला, मुलीला पुढं करून बघितलं. असल्या गोष्टी मला शोभत नाहीत, पण केल्या. मला दिसत होतं ना पुढचं सगळं. परत ती रिकामी संध्याकाळ. आजारी पडले तर पाणी द्यायला मुलगीच. रात्री दाराला दोनदा कडी बघायची.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात तात्या आले. पूजेनंतर पहिल्यांदाच. दारात चपला काढल्या, पण नेहमीसारखी हाक मारली नाही. मी चहा ठेवला. ते कपाकडं बघत म्हणाले, "पोरी, आपलं पानी एवढं वंगाळ हाय का गं?"

"न्हाई वं तात्या. प्यायला आपल्या हिरीसारखं पानी न्हाई कुटं. मशीनला चालत न्हाई, एवढंच."

"मानसाला चालतंय आन् मशीनला चालत न्हाई?"

"व्हय."

"ह्ये आदी सांगाया पायजे हुतं कुनीतरी. मी कलशच आनला असता. न्हाईतर रिकामाच आलो असतो." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "जावईबापू, मला तवा राग आला हुता, खोटं कशाला बोलू. आता न्हाई. माझ्यापुढं हात जोडू नगा, मला नगं. पन त्या लोकांपुढं जोडा. ह्या पोरीनं लय एकटीनं काडलंय. हिच्यासाठी करा." आणि हे सांगताना तात्यांनीच हात जोडले. माझ्या नवऱ्यानं पटकन उठून त्यांचे हात खाली केले. तेव्हाच ते हरले, मला कळलं. तात्या गेल्यावर म्हणाले, "बरं. म्हणतो मी."

मला केवढं हायसं वाटलं होतं! लाज वाटावी इतकं. बाजारात जाऊन मी त्यांच्या आवडीची वांगी आणली. कायमचं पत्र हातात पडलं की वरच्या मजल्यावरच्या खोल्या मागायच्या, तिथं हवा येते, इथपर्यंत माझं मन पोचलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी ते लवकर तयार झाले. दाढी, पांढरा शर्ट. मी भाकरी थापत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जरा ऐकतीस का? बरोबर येतंय का बघ." मी पिठाचे हात तसेच धरून वळले. ते सावधानमध्ये उभे राहिले, टाचा जुळवून, सवयीनं. मग हात जोडायला गेले, आणि सावधानमध्ये हात जोडता येत नाहीत. ते थोडे वाकले. म्हणाले, "वडीलधाऱ्या मंडळींनो, झाकण माझ्या हातून उघडं राहिलं. मी बोललो ते चुकीचं बोललो. पाण्यात काही दोष नव्हता." थांबले. परत पहिल्यापासून म्हणाले. दुसऱ्यांदा 'झाकण' वर अडखळले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आलं का बरोबर?"

तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं सुट्टीवर आले, थकून आले, एकदा पायाला जखम होऊन आले. तसा आवाज नव्हता.

मुलगी आतून बाहेर आली होती. ती म्हणाली, "पप्पा, पण झाकण तुम्ही कुठं उघडलं? तुम्ही तर नको म्हणत होता." तर ते तिच्यावर खेकसले, "तू गप बस!" मुलीवर त्यांनी कधी आवाज चढवलेला नव्हता. ती घाबरून आत गेली आणि ते तसेच हात अर्धे जोडून उभे राहिले, मान खाली. तव्यावरची भाकरी करपत होती.

मी गॅस बंद केला. म्हणाले, "नगा जाऊ."

त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. "अगं, पाठ हुईल. अजून येळ हाय."

"पाठ करू नगा. जाऊच नगा तिकडं."

ते म्हणाले, "मग हितनं जावं लागंल."

"माहीत हाय मला."

"तुलाच हवा होतो ना मी घरी?"

 हवेच होते. पण मला जो हवा होता तो माणूस हा असा वाकलेला, पाठांतर चुकणारा नव्हता. हा घरी राहिला असता तर मी रोज सकाळी याच्याकडं बघितलं असतं आणि मला ते स्वयंपाकघराचं दार आठवलं असतं. त्यालाही आठवलं असतं. आम्ही एकमेकांना काही न बोलता म्हातारे झालो असतो. हे सगळं मी त्यावेळी बोलले नाही, हे आत्ता लिहिताना सुचतंय. त्यावेळी मी फक्त पिठाच्या हातानं त्यांचे जोडलेले हात सोडवले, आणि पांढऱ्या शर्टाला पीठ लागलं.

हंगाम संपला तसे ते गेले. गुजरातेत औषधाच्या एका कारखान्यात, तसल्याच मशीनवर. तिथं त्यांना लगेच घेतलं. आमचं मशीन कंपनीनं धुऊन, काही भाग बदलून परत चालू केलं. मी तिथंच काम करते, त्याच पाण्याची रोज चाचणी घेते, साहेब मला नमस्कार करतात. वसाहतीतल्या बायका म्हणतात, नवरा बाणेदार हो तुमचा. मला त्यांना कडकडून काहीतरी बोलावंसं वाटतं. तुमचे बिनबाण्याचे नवरे संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला जातात, आणि मला सांगताय. पण मी हसते आणि पुढं जाते.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. मुलगी आधी बोलते, मग मी. जेवलात का, जेवलीस का, हे झालं की आमच्याजवळ बोलायला फार उरत नाही. परवा त्यांनी विचारलं, "आवाज असा का येतोय तुझा?" मी म्हणाले, सर्दी झालीय. त्यांना खरं काय ते कळलं असणार, कारण ते लगेच पाण्याचं सांगायला लागले. तिथलं पाणी किती खारट आहे, आरओवर किती ताण येतो, आज विजेचा आकडा कसा बसवला, पडदे कसे जपावे लागतात. हे सगळं मला माहीत आहे, माझं शिक्षणच त्यातलं. पण मी मधे एक शब्द बोलले नाही. मी बोलले असते तर त्यांचं सांगणं संपलं असतं, आणि त्यांनी फोन ठेवला असता.